परसातील झुकिनी: इंदूरचे खत, पोलोग्राउंडची माती आणि कडू फळाचा धोका

इंदूरमधील पोलोग्राउंड हे नाव मैदानाचे असले, तरी त्याची आजची ओळख औद्योगिक वसाहतीची आहे. मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय याच भागात असून कारखाने, गोदामे आणि रहिवासी वस्ती तेथे शेजारी-शेजारी नांदतात. अशा वस्तीत परसबाग करायची म्हटली, तर जमीन थोडी असते आणि तिच्या पूर्वायुष्याची खात्री नसते. झुकिनी हे पीक अशा जागेसाठी एका अर्थी सोयीचे आणि दुसऱ्या अर्थी जोखमीचे आहे. गोव्यातही औद्योगिक वसाहतींना लागून घरे आहेत. त्यामुळे हा विषय येथील परसबागांनाही लागू पडतो.

झुकिनी आणि उन्हाळी स्क्वॉश ही दोन्ही ‘कुकुर्बिटा पेपो’ या जातीची कोवळी फळे होत. जात मूळची अमेरिका खंडातील. हिरव्या, लांबट झुकिनीचा वाण मात्र इटलीत घडला आणि नावही तिकडचेच आहे. भारतात या गटाला ‘चप्पन कद्दू’ म्हणतात. आपल्याकडचा तांबडा भोपळा बहुधा ‘कुकुर्बिटा मॉश्चाटा’ जातीचा असतो, म्हणजे झुकिनीचा चुलत भाऊ. भोपळ्याचा वेल मांडवभर किंवा छपरावर पसरतो. झुकिनी झुडपासारखी एका जागी बसून वाढते. शहरातील छोट्या अंगणाला, गच्चीला आणि बाल्कनीला ती मानवते ती यामुळेच. एका झाडाला साधारण तीन फूट मोकळी जागा आणि किमान सहा तास ऊन लागते. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कटराईं केंद्राचा ‘पुसा अलंकार’ आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘पंजाब चप्पन कद्दू-१’ हे देशी वाण जुने व परिचित आहेत.

हे पीक खादाड आहे, आणि त्याच्या भुकेचे उत्तर इंदूरनेच जगाला दिलेले आहे. १९२४ मध्ये होळकर संस्थानात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे काडीकचरा कुजवण्याची जी शास्त्रशुद्ध रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. दोघांच्या नावाने १९३१ मध्ये त्यावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. सहलेखक वाड यांचे क्वचितच, आणि मराठी वाचकांनी तरी ते विसरू नये.

पद्धत साधी आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघे दोन फूट खोल खड्डे. त्यांत पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. ओल कायम राखायची आणि ठरावीक अंतराने तीनदा ढीग उलथायचा, म्हणजे हवा खेळते. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. खड्डा उथळ ठेवण्यामागचे कारणही हवेचेच. खोल खड्ड्यात तळाचा कचरा कुजण्याऐवजी सडतो. घरी हेच काम दोन मोठ्या, छिद्रे पाडलेल्या ड्रममध्ये होते. एक भरावा, दुसरा रिकामा ठेवावा. उलथण्याची वेळ आली की माल एकातून दुसऱ्यात ओतावा. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या जोडीला सुकी पाने हवीतच, नाहीतर वास सुटतो. गोव्यात सुक्या पानांना तोटा नाही. ती जाळण्याची सवय तेवढी सोडावी लागेल. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदुरात फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा जैववायू प्रकल्प सुरू झाला. त्या शहराच्या या कामगिरीला शतकभराची पूर्वपीठिका आहे, ती अशी.

आता जोखमीविषयी. झुकिनीची मुळे जमिनीतील काही टिकाऊ विषारी रसायने विलक्षण प्रमाणात शोषून फळापर्यंत पोहोचवतात. बहुतेक भाज्यांत हा दोष नाही. १९९४ मध्ये जर्मन संशोधकांनी डायॉक्सिन गटातील द्रव्यांबाबत हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राच्या संशोधनात डीडीटीच्या अवशेषांबाबतही तेच आढळले. गंमत अशी की, याच जातीच्या दुसऱ्या उपजातीतील पिवळा वाकड्या मानेचा स्क्वॉश किंवा चपटा पॅटीपॅन ही द्रव्ये फारच कमी शोषतात. याचा अर्थ पोलोग्राउंडची किंवा अन्य कोणत्या वसाहतीची माती दूषित आहे असा नव्हे. जेथे पूर्वी कारखाना, गॅरेज, भंगाराचा अड्डा किंवा कीटकनाशकांचा साठा होता, तेथील मातीत झुकिनी थेट लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. अशा ठिकाणी खात्रीची माती आणून दीड फूट व्यासाच्या व तेवढ्याच खोलीच्या पिशवीत किंवा कुंडीत लागवड करावी. दोन भाग माती, एक भाग चाळलेले कंपोस्ट, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण पुरेसे होते.

इंदूरची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तेथे उंच वाफा करावा लागतो. गोव्याची जांभ्याची माती याच्या उलट. पाणी झिरपून जाते आणि ती आम्लधर्मी असते. लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे तिच्यात थोडा शेतीचा चुना मिसळावा आणि कंपोस्टचा हात सैल ठेवावा. हंगामही वेगळा. इंदुरात डिसेंबर-जानेवारीची थंडी या पिकाला सोसत नाही. तेथे फेब्रुवारीची पेरणी बरी. गोव्यात थंडी सौम्य असल्याने पाऊस पुरता सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, बी टाकावे आणि जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने टाकत राहावे. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये, झाड कुजते.

बी रात्रभर भिजवून एक इंच खोल, थेट जागेवर पेरावे. या पिकाला मुळे हलवलेली आवडत नाहीत. आळ्यात दोन बिया टाकाव्यात आणि रोपे वर आल्यावर जोमदार तेवढे एकच ठेवावे. पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे.

साधारण पाच-सहा आठवड्यांनी फुले येतात आणि तेथेच बहुतेकांची निराशा होते. पहिली फुले नर असतात, ती गळून पडणारच. मादी फुलाच्या तळाशी बोटाएवढे फळ दिसते. फूल उमलते ते फक्त सकाळचे काही तास. त्या वेळात मधमाशी आली नाही, तर ते फळ पिवळे पडून गळते; रोग समजून औषध फवारण्यात अर्थ नाही. गच्चीवर मधमाश्या कमी फिरकतात. तेथे नऊच्या आत नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. उरलेली नर फुले पिठात बुडवून तळता येतात; भोपळ्याच्या फुलांची भजी खाणाऱ्या घरांना हे सांगायला नको.

लाल भुंगे सकाळी सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळमाशीसाठी क्यू-ल्युरचा सापळा लावावा. पानांवर पिठासारखी भुरी आली, तर दुधाचा उपाय आहे, आणि तो आजीबाईंच्या बटव्यातला नाही. ब्राझीलमधील संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरच त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी असे मिश्रण उन्हाच्या दिवशी सकाळी, आठवड्यातून एकदा-दोनदा फवारावे. भुरी नुकतीच दिसू लागली असतानाच ते करावे. पान पांढरे झाल्यावर काढून टाकलेलेच बरे.

परागीकरणानंतर चार ते सात दिवसांत फळ वीतभर होते. तेव्हाच देठासह कापावे. एक फळ झाडावर जून होऊ दिले, तर पुढची धारणा मंदावते.

शेवटची बाब सर्वांत गंभीर. कडू झुकिनी खाऊ नये. कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीतील हायडेनहाइम येथे घरगुती बागेतील कडू झुकिनी खाल्ल्याने ७९ वर्षांच्या गृहस्थाचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. या विषावर उतारा नाही. उलट्या, जुलाब, रक्तस्राव किंवा रक्तदाब खालावणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते. बाजारच्या बियाण्यात हा दोष सहसा नसतो. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या घरच्या बियाण्यात तो येऊ शकतो, कारण ते भोपळेही बहुधा ‘पेपो’च असतात. तांबड्या भोपळ्याशी असा संकर सहजी होत नाही. म्हणून घरचे बी धरण्याचा मोह टाळून दर हंगामी नवे बी घ्यावे, आणि चिरण्यापूर्वी प्रत्येक फळाचा नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ, शक्यतो ते झाडही, काढून टाकावे.