आजीच्या आजीचा दाखला

आमच्या किहीमवरून बेने इस्राएल समाजात केहिमकर हे आडनाव आले. शेजारच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून आपले पूर्वज वाचले, असे ते पिढ्यानपिढ्या सांगतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे.

पुढे कित्येकजण इंग्रजांच्या फौजेत गेले. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. शिपाईगिरी केली, धर्म सोडला नाही.

इस्राएलने १९५० साली प्रत्येक यहुद्याला येऊन वसण्याचा हक्क दिला. १९५२ पासून त्याच हक्काने नागरिकत्वही. आपली कोकणी कुटुंबे गेली. तिथे लष्करी सेवा सक्तीची. धर्माचे कारण सांगणाऱ्या मुलींना सूट. पण १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला: बेने इस्राएलचे लग्न इतर यहुद्याशी लावायचे तर आधी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. बंदूक हाती देताना आजी कुणी विचारली नव्हती!

समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले आणि आदेशातून त्यांचे नाव गेले.

सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या आपल्या सासवांचा दाखला तरी कुठल्या कचेरीत मिळेल? धर्म बायकांनी घरात राखायचा आणि शंका आली की पुरावाही त्यांच्याच नावाने मागायचा, हे मला पटत नाही.