जुना सर्व्हर बदलताना: बारामती-इंदापूरच्या लहान उद्योगांसाठी बॅकअपचे नियोजन

बारामती आणि इंदापूर परिसरातील पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाला आजही वहीची पूजा होते. प्रत्यक्ष जमाखर्च मात्र केव्हाच संगणकात गेला आहे. औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा कारखाना असो, खते-बियाण्यांचे दुकान असो, दूध संकलन केंद्र असो किंवा एखादी पतसंस्था, उधारी, साठा, पगार आणि कराची विवरणपत्रे या साऱ्यांचा आधार कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवलेले एक यंत्र असते. ते आठ-दहा वर्षे बिनतक्रार चालते आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एके दिवशी ते बंद पडते, तेव्हा दुधाची बिले थांबतात, उधारीचा आकडा सांगता येत नाही आणि ग्राहकाच्या शब्दावर विसंबण्याची वेळ येते. यंत्र पुन्हा विकत घेता येते, नोंदी विकत मिळत नाहीत. त्यामुळे सर्व्हर बदलणे आणि बॅकअपची व्यवस्था लावणे ही दोन कामे एकत्रच विचारात घ्यावी लागतात.

सर्व्हर म्हातारा कधी होतो?

वय मोजण्याच्या दोन पट्ट्या आहेत. पहिली यंत्राची. सतत फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा भरवसा साधारणपणे पाच वर्षांनंतर कमी होत जातो. पंखे धुळीने भरतात, वीजपुरवठा करणारा भाग उष्णतेने कमकुवत होतो आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बहुधा तीन-चार वर्षांत थकतात. ग्रामीण भागात विजेचा दाब कमी-जास्त होणे व सदोष अर्थिंग या दोन कारणांनी हे आयुष्य आणखी घटते. नवा सर्व्हर घेण्यापूर्वी अर्थिंग तपासून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

दुसरी पट्टी सॉफ्टवेअरची. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, २००८ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख जाहीर झालेली आहे. कार्यालयांत सर्वत्र आढळणाऱ्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर दुरुस्ती मिळणे थांबते. असे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे कुलूप बिघडलेल्या दारामागे तिजोरी ठेवणे होय.

आधी मोजदाद, मग खरेदी

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी सध्याच्या यंत्रावर नेमके काय चालते याची यादी हवी. या बाबतीत महाराष्ट्रातीलच एक उदाहरण बोलके आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. पुढे संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा या संगणकांचा मुख्य उपयोग गाव आणि कारखाना यांच्यात उसाची माहिती पाठवण्यापुरताच होत असल्याचे दिसले. विजेचे खंड व देखभालीचा खर्च मात्र कायम होता. मग सात गावांत प्रायोगिक स्वरूपात संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशांवर आधारित पद्धत राबवण्यात आली. जुन्या यंत्राच्या जागी तसेच नवे यंत्र, हे प्रत्येक वेळी योग्य उत्तर नसते.

लहान कार्यालयाची यादी एका पानात मावते: कोणते कार्यक्रम चालतात, एका वेळी किती जण वापरतात, माहितीचा साठा किती जीबी आहे, तो वर्षाला किती वाढतो आणि परवान्यांची कागदपत्रे कोठे आहेत. तीन-चार जणांच्या पेढीला हिशेबाचा कार्यक्रम आणि काही फायली एवढीच गरज असेल, तर जाळ्यावर ठेवण्याची साठवण पेटी अथवा क्लाउडवरील सेवा पुरते. कारखान्याचे उत्पादन, वजनकाटा किंवा संकलन केंद्र जोडलेले असेल, तर मात्र जागेवरचा सर्व्हर हवा, कारण इंटरनेट तुटले तरी काटा थांबता कामा नये.

सर्व्हर घ्यायचाच तर चार गोष्टींवर काटकसर करू नये: स्मृतीतील चुका स्वतः दुरुस्त करणारी मेमरी, एकच नोंद एकाच वेळी लिहिणाऱ्या किमान दोन डिस्क, वीज गेल्यावर सर्व्हरला रीतसर बंद होण्याची सूचना देणारा यूपीएस आणि जागेवर येऊन दुरुस्ती करण्याचा करार. करारावर किती तास लिहिले आहेत, त्याबरोबरच तंत्रज्ञ पुण्याहून येणार की बारामतीतून, हेही विचारून घ्यावे.

जोड-डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

दोन डिस्कवर एकच नोंद होत असल्याने आपली माहिती सुरक्षित आहे, हा समज सर्वत्र आढळतो. एक डिस्क बंद पडली तर ही रचना काम चालू ठेवते, एवढाच तिचा उपयोग. कारकुनाने चुकून खाते पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तरी दोन्ही प्रती सारख्याच निकामी होतात.

जगातील मोठ्या कंपन्यांनाही हा धडा महागात पडला आहे. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे चार हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे तिचे सर्व्हर परस्परांची नक्कल ठेवत असल्याने एकाच फटक्यात नष्ट झाले. वाचला तो घाना देशातील एकच, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. दैवयोगाने घडलेली ही गोष्ट लहान उद्योगाला ठरवून करता येते: एक प्रत नेहमी तारेपासून अलग ठेवायची.

तीन प्रती, दोन माध्यमे, एक बाहेरगावी

बॅकअपचा सर्वमान्य नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या लेखनातून रूढ झाला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी असावी. पहिली प्रत म्हणजे चालू सर्व्हर. दुसरी कार्यालयातील साठवण पेटीवर, रोज रात्री आपोआप घेतलेली. तिसरी बाहेर.

‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर, हे या भागाने स्वतः अनुभवले आहे. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस नाझरे धरणातून झालेल्या विसर्गाने कऱ्हा नदीला पूर आला आणि बारामती शहरातील नदीकाठच्या हजारो रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. मे २०२५ च्या अखेरीस तर बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत एकाच वेळी अतिवृष्टी झाली. नीरा डावा कालवा फुटला आणि वस्त्यांत पाणी शिरले. बारामतीच्या पेढीने आपली प्रत इंदापूरच्या शाखेत ठेवणे आगीपासून व चोरीपासून संरक्षण देते. पण दोन्ही गावांवर एकाच दिवशी संकट येऊ शकते, हेही त्या पावसाने दाखवून दिले. म्हणून एक प्रत तालुक्याबाहेर हवी. ती क्लाउडवर असू शकते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली डेटा केंद्रे सेवेत आणली, त्यामुळे माहिती देशातच ठेवणे सोपे झाले आहे. सर्व्हर आणि साठवण पेटी तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये, ही सूचनाही त्याच अनुभवातून आलेली.

क्लाउडचा निर्णय घेताना जोडणीचा वेग आधी मोजावा. २०० जीबी माहिती २० एमबीपीएस वेगाने वर पाठवण्यास सुमारे २२ तास लागतात; उतरवून घेताना जोडणीचा वेग तेवढाच असेल तर तितकाच वेळ जातो. यावरून पहिली पूर्ण प्रत शनिवारी सायंकाळी सुरू करावी व त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग पाठवावा, हे ओघानेच येते.

जी प्रत तारेपासून अलग ठेवायची, तिच्यासाठी बाहेरील हार्ड डिस्कचा आलटून-पालटून वापर करण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. दोन डिस्क आठवड्याच्या, एक महिन्याची व एक वर्षअखेरीची. डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, काढावी आणि कुलपात ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विषाणूच्या हाती आयती सापडते. डिस्क हरवली तरी ग्राहकांची माहिती परक्याच्या हाती पडू नये म्हणून ती सांकेतिक कुलपाने बंद करावी आणि त्या कुलपाची किल्ली मालक व हिशेबनीस अशा दोघांकडे कागदावर असावी.

हिशेबाचा कार्यक्रम चालू असताना त्याच्या फायलींची नुसती नक्कल घेणे धोक्याचे असते. अर्धवट लिहिली गेलेली नोंद त्या प्रतीत तशीच उतरते. कार्यक्रमातील बॅकअपची सोय वापरावी किंवा सर्वांनी काम बंद केल्यानंतरच प्रत घ्यावी.

किती तासांची हानी परवडेल?

बॅकअप किती वेळा घ्यावा याचे उत्तर दोन प्रश्नांत दडलेले असते. यंत्र गेले तर किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने लिहिणे शक्य आहे? आणि काम किती वेळ थांबले तर चालेल? खतांच्या दुकानाकडे कागदी पावत्या असतात. दिवसभराच्या नोंदी पुन्हा भरता येतात. दूध संकलनात सकाळ-संध्याकाळ शेकडो उत्पादकांचे लिटर, फॅट आणि दर नोंदले जातात. तेथे प्रत्येक सत्रानंतर प्रत हवी, कारण उत्पादकाच्या हातातील चिठ्ठी हरवली तर त्याच्या पैशाचा दुसरा पुरावा उरत नाही.

कायदाही काही मर्यादा घालून देतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जतन करावे लागतात. कंपनी कायद्यानुसार नोंदलेल्या कंपन्यांना ही मुदत आठ वर्षांची आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर कंपन्यांनी संगणकीय हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर त्यांच्यासाठी आवश्यक ठरले. संगणकीय हल्ल्याची सूचना सहा तासांत देण्याचा सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा निर्देशही ध्यानात ठेवावा.

बदलाचा मुहूर्त

मार्चअखेर, दिवाळीचा हंगाम, उसाशी निगडित व्यवसायांसाठी गाळपाचे महिने, तसेच प्रत्येक महिन्यातील ११ व २० या करविवरणाच्या नेहमीच्या तारखांच्या आसपासचे दिवस टाळावेत. जून ते ऑगस्टमधील महिन्याचा अखेरचा आठवडा बहुतेकांना सोयीचा ठरतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम जुन्या यंत्राच्या दोन पूर्ण प्रती घ्याव्यात व त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नंतर नवा सर्व्हर आठवडाभर रिकामा चालवून पाहावा. मग माहिती हलवावी आणि दोन्हींकडील ताळेबंद, थकबाकीची यादी व साठ्याची बेरीज ताडून पाहावी. पैशाचाही फरक राहता कामा नये. जुन्या कार्यक्रमाला नवी यंत्रणा मानवत नसेल, तर त्याला नव्या सर्व्हरवरच आभासी यंत्रात आणि इंटरनेटपासून दूर ठेवता येते. जुना सर्व्हर निदान तीन महिने, एक करविवरणाची तिमाही पूर्ण होईपर्यंत, तसाच जपून ठेवावा. त्यानंतर त्याच्या डिस्क पूर्णपणे पुसून किंवा फोडूनच तो भंगारात द्यावा.

परीक्षा परत मिळवण्याची

बॅकअप घेतला जातो, पण तो परत उतरवून पाहिला जात नाही, ही या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे. ‘यशस्वी’ असा हिरवा संदेश म्हणजे फाईल लिहिली गेली एवढेच. ती उघडते की नाही, हे उघडल्यावरच कळते. तीन महिन्यांतून एकदा एखादे खाते व वर्षातून एकदा संपूर्ण माहिती दुसऱ्या संगणकावर उतरवावी आणि त्यासाठी लागलेला वेळ लिहून ठेवावा. हे काम दरवेळी एकाच कर्मचाऱ्याने करू नये, कारण संकटाच्या दिवशी नेमका तोच रजेवर असू शकतो.

शेवटी एक कागद सर्व्हरजवळच्या भिंतीवर आणि दुसरा मालकाच्या घरी असावा: प्रती कोठे आहेत, शेवटची चाचणी केव्हा झाली, तंत्रज्ञाचा दूरध्वनी कोणता आणि प्रथम काय करायचे. संशयास्पद घटना दिसताच जाळ्याची तार काढावी, ही त्यातील पहिली ओळ असावी. पूर्वीचा दिवाणजी रोजमेळ मिटवल्याशिवाय पेढीला कुलूप लावत नसे. संगणकाच्या काळात त्या शिस्तीचे नाव बदलून बॅकअप झाले आहे. ज्या पेढीने ती पाळली, तिच्यासाठी सर्व्हर बंद पडणे ही एका दिवसाची अडचण ठरते, व्यवसायावरचे संकट नव्हे.