बाण सरळ जात नाही

आजचा भाग 1.6 ग्रॅमवर आहे. हो, ग्रॅमच.

ठाण्यात एका मैदानावर मित्राचं साधं लाकडी धनुष्य हातात घेतलं. मी उजव्या हाताचा. दहापैकी आठ बाण चार बोटं डावीकडे लागले. मला वाटलं, आपला नेम वाईट. मित्राने बाणाचं 100 ग्रेनचं टोक काढून 125 ग्रेनचं लावलं. वाढलेलं वजन फक्त 1.6 ग्रॅम. बाण मधोमध यायला लागले. कोड तोच, कॉन्फिगरेशन बदललं!

आपण म्हणतो ना, ‘बाणासारखा सरळ’? बाण सरळ जातच नाही. साध्या धनुष्यात दोरी मधल्या रेषेकडे धावते आणि बाण मात्र लाकडाच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटली की मागून एकदम धक्का बसतो, काडी वाकते, माशासारखी वळवळत धनुष्याला वळसा घालते आणि मग रेषेवर येते. क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन संशोधकांनी गेल्या शतकात वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं, तेव्हा लोकांना ते डोळ्यांनी दिसलं.

म्हणजे काडी किती वाकावी, हाच खरा प्रश्न. आज कार्बनच्या काडीसाठी माप ठरलेलं आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी ठेवायची आणि मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकली तर ती 500 नंबरची. नंबर जितका मोठा तितकी काडी मऊ. धनुष्य जोरदार असेल तर ताठ काडी हवी. पुढचं टोक जड केलं की तीच काडी जास्त वाकते, म्हणजे मऊ असल्यासारखी वागते. माझी काडी त्या धनुष्याला जरा जास्तच ताठ होती, म्हणून डावीकडे जात होती. शिकारीच्या रुंद पात्याचा फाळ लावला तर चूक आणखी वाढते, कारण ती पाती पुढून बाणाला वळवू बघतात.

आता इतिहासात येऊया. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारांच्या काळातले वीरगळ आहेत. हा सगळा भाग तेव्हा ठाण्याच्या शिलाहारांचा. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिरही त्यांचंच. एका वीरगळावर तलवारी घेतलेले दोन घोडेस्वार एका धनुर्धराला पाडताना दिसतात. कॅमेरा नाही, तक्ता नाही, मग तो माणूस आपला बाण कसा निवडत असेल?

याचा थोडा सुगावा जुन्या संस्कृत धनुर्वेद ग्रंथांत लागतो. तिथे बाणांचे तीन प्रकार सांगितलेत: पुढे जाड तो स्त्री-बाण, मागे जाड तो पुरुष-बाण, सगळीकडे सारखा तो नपुंसक. पहिला लांब जातो, दुसरा खोल घुसतो, तिसरा नेमाच्या सरावाला चांगला. नावं आज खटकतील. पण मुद्दा बघा, वर्गवारी जाडी आणि वजन कुठे आहे यावर केलीय. आणि ‘शर’ या शब्दाचा अर्थ बाण, तसाच बोरूसारखं गवतही. काडी आधी, बाण नंतर.

ग्रंथात आलं ते टिकलं. पण आपल्या शेजारीच, मुरबाड, शहापूर, जव्हारच्या डोंगरांत वारली, ठाकर, कातकरी लोक तीरकामठा वापरत होते. बांबूची प्रत्येक काडी वेगळी, पेरं वेगळी, फाळ लोहाराच्या हातचा. दोन बाण एकसारखे मिळणं कठीण. अशा वेळी काडी हातात वाकवून बघायची, बाण मारायचा, कुठे गेला ते बघायचं आणि दुरुस्त करायचं, एवढाच मार्ग उरतो. आम्ही ऑफिसात याला टेस्टिंग म्हणतो आणि पगार घेतो. जंगलात याच कामाला लोक ‘अंदाज’ म्हणून मोकळे होतात. हे मला पटत नाही.

हे ज्ञान पातळ होत गेलं त्याला कारणं आहेत. 1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली आणि तिथली शिकार सरकारी नियमांखाली आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती जवळपास पूर्ण थांबली. दुसरा कायदा हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिकार थांबवताना तो बाण बनवणाऱ्या हाताला काय माहीत होतं, हे फारसं कुणी लिहून घेतलं नाही. वारली चित्रांत शिकारी दिसतो. त्याच्या काडीचा ताठपणा चित्रात दिसत नाही.

आणि आता बर्लिन, ऑगस्ट 2023. साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे तयार झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड धनुर्विद्येचे जगज्जेते झाले. अदिती 17 वर्षांची. ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले. कंपाउंडमध्ये दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या यंत्राने सोडतात, त्यामुळे बाण आडवा कमी वाकतो. तरीही धनुष्याचा जोर, काडीचा ताठपणा आणि टोकाचं वजन हा हिशोब त्यांनाही चुकत नाही. फरक इतकाच, की त्यांच्याकडे तक्ता छापील आहे.

म्हणून एक काम सांगतो. माळशेजला किंवा जव्हारला फिरायला गेलात आणि एखाद्या पाड्यावर म्हातारे बाबा भेटले, तर फक्त धबधब्याची वाट विचारू नका. “बाबा, तुम्ही काडी कशी निवडायचात?” हेही विचारा. ते परवानगी देत असतील तर फोनवर रेकॉर्ड करा, त्यांचं नाव लावून जपा. शिकार नको, पण हिशोब जपूया.

भेटू पुढच्या भागात!