वाळा आणि हिना

वाळ्याचें अत्तर उन्हाळ्याचें आणि हिन्याचें हिंवाळ्याचें, हा संकेत आपण इतका सहज मानतों, कीं त्यामागें कांहीं इतिहास असेल असें मनांतहि येत नाहीं. वस्तुतः अत्तराच्या वासानें शरीराचें उष्णमान उतरत नाहीं, कीं चढत नाहीं. मग एक सुगंध थंड आणि दुसरा ऊष्ण, हा भेद आला कोठून?

त्याचें पहिलें मूळ आपल्या वैद्यकांत आहे. चंदन व वाळा हीं द्रव्यें शीत, तर अगरु, केशर व कस्तुरी हीं उष्ण, असें तें शास्त्र मानतें. म्हणूनच चरकसंहितेंत हेमंतासाठीं अगरूचा लेप सांगितला आहे. आणि 'ऋतुसंहारां'तील शिशिरवर्णनांत कालिदासानेंहि चंदन त्या ऋतूंत नकोसें होतें असें म्हटलें आहे.

दुसरें मूळ दरबारीं राहणींत सांपडतें. वाळ्याच्या मुळांचीं दालनें करण्याची रीत अकबराच्या आज्ञेनें रूढ झाली, असें अबुल फजल सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी'त नमूद करतो. ओल्या वाळ्यांतून येणारा वारा थंड लागतो, याचें श्रेय खरें पाहतां वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचें. पण त्या गारव्याबरोबर सुगंध नित्य येत असल्यामुळें पुढें नुसत्या सुगंधानेंहि गारवा आठवूं लागला.

कनोजचे कारागीर अत्तर काढतात तें तांब्याच्या देगेंतून. देगेचें तोंड मातीनें लिंपून बंद करतात. आंतील वाफ बांबूच्या नळीनें पाण्यांत ठेवलेल्या भपक्यांत उतरते, आणि तेथील चंदनतेल तिचा सुगंध धरून ठेवतें. हिन्याचें नांव मेंदीचें असलें, तरी त्यांत पुष्कळ मसाले व सुगंधी मुळ्या असतात. निव्वळ मेंदीच्या फुलांच्या अत्तरास गुलहिना म्हणतात. उष्णतेनें सुगंधी द्रव्यें लवकर उडतात. त्यामुळें हा मसालेदार हिना वैशाखांत डोकें उठवितो आणि पौषांत सौम्य भासतो. तेव्हां हा संकेत केवळ समजुतीवर उभा नाहीं.

मराठी भाषेलाहि ही विद्या परकी नव्हती. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील प. कृ. गोडे यांनीं अभ्यासकांच्या नजरेस आणलेल्या 'गंधवाद' या ग्रंथावर मराठी टीका आहे. तो १९८९ सालीं बडोद्यास छापला गेला.

आज चंदनतेल दुर्मिळ व महाग झालें आहे, आणि स्वस्त अत्तरांत त्याची जागा खनिज तेलानें घेतली आहे. तशांत बारमाही एकच बाटली वापरण्याची संवय वाढत आहे. दुपारच्या पानसुपारीला वाळा आणि थंडींतील रात्रीच्या लग्नसमारंभास हिना निवडणारा मनुष्य त्या दिवशींचें ऊन अथवा गारठा ध्यानांत घेऊनच फाया कानांत ठेवीत असे. तें लक्ष हरपलें, तर उत्तम चंदनतेल मिळूनहि या दोन अत्तरांतील भेद कोणास जाणवणार नाहीं.