दरोडेखोर, कायदा आणि प्रेक्षक : ‘सहर’च्या निमित्ताने

कायद्याबाहेर जगलेल्या माणसाची कथा लोकांनी नेहमीच आवडीने ऐकली आहे. आजच्या उत्तर प्रदेशाच्या तराईत दरारा गाजवणारा सुलताना डाकू १९२३ मध्ये पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि १९२४ मध्ये हल्द्वानीच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. खुनांचा व लुटींचा हा धनी पुढे नौटंकीच्या रंगमंचावर गोरगरिबांचा कैवारी होऊन बसला. त्याच्या पाठलागात स्वतः सामील असलेल्या जिम कॉर्बेटनेही १९५२ च्या आपल्या पुस्तकात त्याच्याविषयी सहानुभूतीनेच लिहिले आहे. मराठी वाचकाला येथे उमाजी नाईकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेल्या उमाजीवर व रामोश्यांवर कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ मध्ये पुस्तक लिहिले, ते एका बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने. लोकस्मृतीने मात्र त्याच उमाजीला आद्य क्रांतिकारकांत स्थान दिले.

या दोन माणसांची योग्यता एक नव्हे. परंतु त्यांना मिळालेल्या लोकप्रीतीच्या मुळाशी एक समान कारण आहे. कायदा तेव्हा परक्याचा होता. त्या कायद्याला धाब्यावर बसवणाऱ्याला दाद देणे हा काही अंशी स्वत्वाचाच उच्चार होता. स्वातंत्र्यानंतर कायदा आपला झाला, दाद देण्याची सवय मात्र जुनीच राहिली. या सवयीचे पुढे काय झाले, ते पाहण्यास लखनौ हे विशेष सोयीचे ठिकाण आहे.

१९९० नंतरच्या दशकात पूर्व उत्तर प्रदेशात रेल्वेचे ठेके, राजकीय आश्रय आणि स्वयंचलित शस्त्रे यांच्या संगमातून गुन्हेगारीचा एक नवा वर्ग उभा राहिला. गोरखपूरकडचा श्रीप्रकाश शुक्ल हा त्यांतील सर्वांत धाकटा आणि सर्वांत निर्ढावलेला. १९९७ मध्ये माजी आमदार वीरेंद्र शाही यांचा खून प्रत्यक्ष लखनौ शहरात झाला, आणि त्यात शुक्लचेच नाव पुढे आले. मे १९९८ मध्ये राज्य सरकारने पोलिसांचे विशेष कृती दल स्थापन केले. त्याच वर्षीच्या २२ सप्टेंबरला गाझियाबाद येथे शुक्ल व त्याचे दोन साथीदार चकमकीत ठार झाले. मोबाइल फोन तेव्हा नुकताच आला होता. गुंडांनी तो आधी हाती धरला, आणि त्याच फोनवरील संभाषणाच्या मागाने पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचले.

या घटनांवर कबीर कौशिक यांनी २००५ मध्ये ‘सहर’ हा हिंदी चित्रपट केला. कथा लखनौची, काळ सात-आठ वर्षांपूर्वीचा. गुंडाचे नाव येथे गजराज सिंह आहे. पण चित्रपटाचा नायक तो नव्हे. नायक आहे अर्शद वारसी यांनी उभा केलेला पोलीस अधिकारी अजय कुमार, आणि त्याच्या जोडीला मोबाइल यंत्रणेचे शास्त्र पोलिसांना समजावून देणारा, पंकज कपूर यांनी साकारलेला, वयस्क प्राध्यापक. नव्या यंत्रापुढे बावरलेले पोलीस एखाद्या वर्गातील विद्यार्थ्यांप्रमाणे शिकत आहेत, हे दृश्य हिंदी पडद्यावर विरळाच. चित्रपटगृहांत ‘सहर’ला यश आले नाही, त्याचा लौकिक वाढला तो पुढे, घरोघरी पाहिला जाऊ लागल्यावर.

चित्रपटाने इतिहासात केलेला एक बदल फार अर्थपूर्ण आहे. प्रत्यक्षातील मोहीम ज्या अधिकाऱ्यांनी चालवली, ते पुढेही सेवेत राहिले. चित्रपटात मात्र अखेरची चकमक आगगाडीत होते आणि अजय कुमार प्राण गमावतो. केवळ करुणरसासाठी हा बदल केला, असे म्हणणे अपुरे होईल. खटल्यावाचून झालेल्या मरणाचे एक नैतिक ऋण मागे राहते. दिग्दर्शकाला ते जाणवले असावे, आणि अधिकाऱ्याच्या प्राणांनी त्याने ते फेडले. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि आरोपी न्यायासनासमोर आलाच नाही, हे त्याच्या ध्यानातून निघून जाते.

याच शुक्लच्या जीवनावर बेतलेली ‘रंगबाज’ ही मालिका २०१८ मध्ये आली. वीस वर्षे लोटली होती. ‘सहर’ म्हणजे पहाट, ‘रंगबाज’ म्हणजे तोऱ्यात मिरवणारा दांडगा. केंद्र कोठून कोठे सरकले, ते नावांवरूनच कळते. येथे गुंडाला पूर्वचरित्र मिळाले, प्रेम मिळाले, तो तसा का झाला याची कैफियत मिळाली. मारल्या गेलेल्यांच्या वाट्याला मात्र कैफियत आली नाही.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून काव्यानंदाची मीमांसा ‘सविकल्प समाधी’ या संज्ञेने केली होती. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सर्वस्वी सोडत नाही, हा तिचा आशय. गुंडाच्या कथेत ही दुहेरी अवस्था राखणे विशेष कठीण असते. घटना जवळची असली, म्हणजे त्या रस्त्यावरून भीत भीत गेलेला माणूस प्रेक्षकाच्या अंतरी जागा असतो. विकल्प आपोआप टिकतो. काळ लोटला की ती भीती विरते, मेलेल्यांचे चेहरे पुसले जातात. विकल्प गळतो आणि समाधी तेवढी उरते. सुलतानाचे असेच झाले. शुक्लच्या बाबतीत त्यासाठी वीस वर्षे पुरली.

परंतु दोन्ही काळांत एक मोठा भेद आहे, आणि तोच चिंतेचा आहे. सुलतानाचा व उमाजीचा शेवट, सत्ता परकी असूनही, खटल्यानंतर झाला. आपला कायदा आल्यावर मात्र आपल्या कथांतून न्यायालयच नाहीसे होत चालले आहे. हा प्रश्न केवळ लखनौचा नव्हे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांनी केलेल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये प्रत्येक चकमकमृत्यूच्या स्वतंत्र तपासाची व दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची पद्धत घालून दिली. चित्रपटगृहातील टाळीला असा कोणताही नियम लागू नाही, आणि लागू असूही नये.

तेथे जबाबदारी समीक्षेची आहे. गुंडाला नायक केले म्हणून कलाकृतीला दोष देणे सोपे आहे. पोलिसाला नायक केले म्हणून तिची पाठ थोपटणेही तितकेच सोपे आहे. विचारावयाचे ते वेगळेच आहे: या कथेत मेलेल्या माणसांना नावे आहेत काय, आणि मारणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, कोणी जाब विचारतो काय? ‘सहर’ पहिल्या प्रश्नाजवळ पोहोचतो. दुसऱ्यापाशी त्याचा अधिकारीच मरून पडतो, आणि मेलेल्याला जाब विचारता येत नाही.