वायोंतची घळ

धरणाची गोष्ट निघाली की आपल्याकडे १२ जुलै १९६१ ची आठवण निघते. पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ धुऊन निघाला. आम्ही सांगणार आहोत ती हकीगत त्यानंतर दोन वर्षांनी इटलीत घडली. तिथे धरण फुटले नाही. ते आजही उभे आहे.

आल्प्सच्या दक्षिण अंगाला वायोंत नावाची लहानशी पहाडी नदी आहे. लांबी फार नाही. पण पियावे नदीला मिळण्यापूर्वी तिने चुनखडीचा डोंगर सुरीने कापावा तसा खोल कापला आहे. घळीच्या तोंडासमोर, पियावेच्या पलीकडच्या काठाला, लोंगारोने हे गाव. वरच्या अंगाला एर्तो आणि कास्सो ही शेतकऱ्यांची गावे आणि समोर तोक डोंगर, जिथे त्यांची शेते व कुरणे होती.

अशी अरुंद घळ म्हणजे इंजिनियराच्या दृष्टीने बाटलीची मान; बूच तेवढे बसवायचे. ‘सादे’ या खाजगी वीज कंपनीने १९५७ ते १९६० या काळात ते बसवले. उंची २६१.६ मीटर, त्या जातीच्या धरणांत त्या वेळी जगात सर्वांत जास्त. बांधकाम उत्तम होते, हे आधीच मान्य करून टाकू.

एर्तोचे लोक मात्र तोककडे पाहत होते. मार्च १९५९ मध्ये शेजारच्या पोंतेझेई जलाशयात डोंगराचा भाग कोसळून एक पहारेकरी दगावला, तेव्हा त्यांची भीती पक्की झाली. तीना मेर्लिन या शेतकरी घरातल्या पत्रकार बाईंनी ‘लुनिता’ या कम्युनिस्ट दैनिकात ती मांडली. तर खटला त्यांच्यावरच, घबराट पसरवणारी खोटी बातमी दिल्याचा! १९६० साली मिलानच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सात लाख घनमीटर दरड तलावात पडली आणि तोकच्या अंगावर सुमारे दोन किलोमीटरची भेग उघडी पडली.

आम्हाला याचे नवल वाटत नाही. आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्यात दाबयंत्राचा आवाज बदलल्याचे चालवणाऱ्याने तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्याला अफवा पसरवल्याबद्दल लेखी समज मिळाली.

तथापि इंजिनियर अडाणी नव्हते. धरणाचे रचनाकार कार्लो सेमेंझा यांच्या भूगर्भशास्त्रज्ञ मुलानेच तोकचा तो उतार म्हणजे जुनी प्रचंड दरड आहे, असे सांगितले होते. पण पैसा अडकला होता. पाणी चढवून-उतरवून दरड हळूहळू खाली आणता येईल, असा हिशेब झाला. एक नमुना-तलाव बांधून त्यात खडी लोटून पाहिली. उत्तर आले, पातळी ७०० मीटरवर ठेवा, धोका नाही.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री पातळी ७०० मीटरवरच होती. लोंगारोनेत आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना पाहायला जमली होती. १० वाजून ३९ मिनिटांनी सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर मिनिटभराच्या आत तलावात उतरला. पाणी धरणावरून उडाले आणि घळीतून लोंगारोनेवर पडले. सुमारे १,९०० माणसे गेली.

खटला दूर लाक्विला शहरी चालला. १९७१ साली शेवटचा निकाल लागला. दोन जण दोषी ठरले. मेर्लिन बाईंचे पुस्तक १९८३ साली निघाले. धरणामागे आज तलाव नाही; तोकचा तुटलेला तुकडा तिथे पडला आहे आणि त्यावर झाडे वाढली आहेत.