चेडा पाणी पितो

1975. पौष पौर्णिमा. शहापूरकडून रात्रभर बैलगाडीत हिंदकळत तू मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत उतरला आहेस. वय दहा, चड्डीच्या खिशात आजीने दिलेली नाणी. खांबलिंगेश्वराच्या पाया पडून झालंय. वडील बैलबाजारात, दलालाने उपरण्याखाली त्यांची बोटं धरलीत, सौदा ठरत नाही. म्हणजे तुला भरपूर वेळ आहे.

खेळण्यांच्या रांगेत घमेल्यातल्या पाण्यात पत्र्याची होडी फिरतेय. ना चावी, ना वल्हं. पोटात तेलाचा इवलासा दिवा आणि सारखं टकटकटकटक.

"आत चेडा कोंडलाय," चुलतभाऊ कानात सांगतो. "भगताने बांधलेलं भूत. चटका बसला का बडबडतो."

"चेडा कशाला? आसरा ओढतात खालून," आतेबहीण म्हणते. पण आसरा म्हणजे जलदेवता, त्या राहतात डोहात. घमेल्यात सातजणी मावणार कशा? तिचं म्हणणं तिथेच बुडतं.

चेड्याची बाजू मात्र भक्कम होत जाते. होडीवाला दुसरी होडी उचलून मागच्या दोन नळ्यांत पाणी भरतो. "पाजल्याबिगर चालत नाय ती." म्हणजे तहान आहे. दिवा विझला की गप्प, म्हणजे चटका हवाच. नळ्यांमागे बोट धरलं की पाण्याचे बारीक धक्के लागतात, म्हणजे थुंकतोय. इतकं नीट बघणाऱ्या भूतविद्येला मी तरी पदार्थविज्ञानच म्हणेन.

तू पुढच्या काळातून आलायस, तुला उत्तर ठाऊक आहे. चपट्या डबीत वाफ होते, नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, थंड होऊन विरते. पाणी पुन्हा आत शिरतं. डबीचा पातळ पत्रा आतबाहेर होतो, त्याचाच टकटकाट. 1891 मध्ये थॉमस पियो याने ब्रिटनमध्ये अशा होडीचं पेटंट घेतलं. पण म्हशाच्या जत्रेत दहा वर्षांच्या पोराचं पेटंट कोण ऐकणार?

तेवढ्यात बहीण खोच काढते. "थुंकताना पुढं जाते, तर पिताना मागं का येत नाय?"

भल्याभल्यांना अडवणारा प्रश्न. तू तिला होडीतला दिवा फुंकायला लावतोस. विझतो. पुन्हा पेटवून म्हणतोस, "आता वारा आत ओढून विझव." गाल आत जाईपर्यंत ती ओढते, ज्योत विझत नाही. फुंकर एका रेषेत जाते, ओढलेला वारा चहूकडून येतो. पाण्याचंही तेच.

चुलतभाऊ खूश. "म्हणजे चेडा चहूकडनं पितो नि एकाच बाजूला थुंकतो. मी काय सांगत होतो?"

"माझं तेल जाळू नका," होडीवाला खेकसतो. "घ्यायची का नाय?"